अंकुराची वाढ मोबाईलवर टिपा

मे महिना उजाडला की घरोघरी कणगी, कोठी, पोती उघडली जातात आणि सोयाबीनचे बियाणे बाहेर येते. याच दिवसांत घरातली मुले सुटीवर असतात आणि त्यांच्या हाती मोबाईल असतो. या दोन्ही गोष्टींची सांगड घालणारा एक उपक्रम येथे देत आहे. त्यात करमणूक तर आहेच, पण बियाण्याची पारखही होते.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांच्यापुढे एक अडचण होती. चित्रपट काढायचा होता, कॅमेरा आणला होता, परंतु पैसे देणारा कोणी नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर ठेवला आणि सुमारे महिनाभर थोडी थोडी छायाचित्रे घेत राहिले. ती सलग फिरविली तेव्हा मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसू लागला. या फितीचे नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहिल्यावर त्यांना कर्ज मिळाले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने चित्रपटाच्या धंद्याची सुरुवात बी पेरून केली, ही गोष्ट शेती शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला विशेष आवडते.

फाळक्यांना जे महिनाभर खपून करावे लागले ते आज साध्या मोबाईलवर आठवड्यात होते.

साहित्य व मांडणी

काचेची स्वच्छ बरणी घ्यावी. तीत काचेला लागून टीपकागद किंवा वर्तमानपत्राची दुहेरी घडी बसवावी व मधल्या पोकळीत ओली माती दाबून भरावी. कागद आणि काच यांच्यामध्ये चार-पाच दाणे अशा रीतीने सरकवावेत की ते बाहेरून स्पष्ट दिसतील. कागद सतत ओलसर राहावा, तळाशी पाणी मात्र साचू नये. दाणे बुडाले तर कुजतात.

मोबाईल दोन विटांच्या आधाराने पक्का बसवावा. आठ दिवस तो तसूभरही हलता कामा नये. म्हणून वापरात नसलेला जुना मोबाईल घ्यावा व चार्जरला लावून ठेवावा. जागा घरातील कोपऱ्याची असावी. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो आणि चित्र लुकलुकते, म्हणून खिडकी झाकून एक एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवावा. ठरावीक वेळाने आपोआप छायाचित्र घेण्याची सोय बऱ्याच मोबाईलमध्ये असते. दर १५ मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला ९६ आणि सात दिवसांत ६७२ छायाचित्रे होतात. सेकंदाला २४ या वेगाने ती २८ सेकंदांत संपतात. ही सोय नसेल तर दर दोन तासांनी हाताने टिपावे. व्हिडिओ थोडा अडखळत चालेल, पण चालेल.

आमच्या घरी पहिल्या खेपेस चौथ्या दिवशी कोणीतरी बरणी घासून पालथी घातली. तेव्हापासून मी बरणीशेजारी चिठ्ठी लावतो.

काय दिसते?

प्रथम दाणा फुगतो, नंतर मूळ खाली उतरते. पुढचा भाग सर्वांत पाहण्यासारखा आहे. सोयाबीनचा कोंब सरळ वर येत नाही. तो आकड्यासारखा वाकतो व ती वाकलेली मान माती फोडते. मागोमाग दोन्ही डाळी ओढून वर आणल्या जातात. वाटाणा आणि हरभरा डाळी जमिनीतच ठेवतात व नुसता शेंडा वर पाठवितात. दोन बरण्या शेजारी ठेवल्यास हा फरक मुलेसुद्धा ओळखतात.

आता आणखी दोन बरण्या भराव्यात. एकीत सोयाबीनचा दाणा ३ सें.मी. खोल, दुसरीत ८ सें.मी. खोल ठेवावा. ही शर्यत घरातील सर्वजण बसून पाहतात असा माझा अनुभव आहे. एवढे ओझे मानेवर घेऊन खोलातून वर येणे कोंबाला जड जाते, वरची माती पावसानंतर कडक झाली असल्यास मान मोडतेही. पेरणी ३ ते ४ सें.मी. पेक्षा खोल नको, असे आम्ही वर्गात कितीदा सांगतो. पण ज्याने ही मान मोडताना पाहिली त्याला पाभरीची खोली तपासायला पुन्हा सांगावे लागत नाही.

गंमत म्हणून तिसऱ्या दिवशी एक बरणी आडवी करावी. मूळ वळून पुन्हा खाली जाते.

उगवण चाचणी

बरणीतील चार दाण्यांवरून मात्र बियाण्याची परीक्षा करू नये. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पावसात सोयाबीन भिजले, आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून उगवण न झाल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. सोयाबीनचे टरफल पातळ असते, पोते आदळले तरी आतील अंकुर दुखावतो आणि दाणा वरून तसाच गोमटा दिसतो.

म्हणून गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे न निवडता मांडावेत. त्यावर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी व रोज पाणी शिंपडावे. सातव्या दिवशी उघडून फक्त निरोगी कोंब मोजावेत. बुरशी आलेले, मूळ नसलेले, मान मोडलेले धरू नयेत. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढावी. ७० टक्के उगवण असल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली दर टक्क्यास अर्धा किलो वाढवावे, म्हणजे ६५ टक्क्यांस साडेबत्तीस किलो. ६० च्या खाली आल्यास ते बियाणे पेरू नये.

गुंडाळी उघडण्यापासून शेवटचा कोंब मोजेपर्यंतचा व्हिडिओ न थांबविता, न कापता एका दमात घ्यावा. घरचे बियाणे शेजाऱ्याला द्यायचे असेल तर याचे मोल फार आहे. वाण, काढणीचा महिना व चाचणीची तारीख कागदावर लिहून सुरुवातीलाच दाखवावी. न उगवलेले दाणेही दिसू द्यावेत. ६८ आले तर ६८ च म्हणावे.

व्हिडिओवर सिनेमाचे गाणे घालण्याचा मोह होतो. घालू नये. त्यात दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न येतो आणि तुमचे बोलणे बुडून जाते. आपल्या बोलीत, आपल्या आवाजात सांगावे, मागे कोंबडा आरवला तरी चालेल. बरणीचा व्हिडिओ एका मिनिटाच्या आत ठेवावा आणि कोंब माती फोडतो तो क्षण अगदी सुरुवातीला दाखवून मग पहिल्या दिवसावर यावे. मोजणीचा व्हिडिओ लांबला तरी हरकत नाही, तो ज्याला बियाणे घ्यायचे आहे तोच पाहणार आहे.

चाचणीला बीजप्रक्रिया न केलेले दाणे घ्यावेत. प्रक्रिया केलेले वापरावे लागले तर बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये आणि उरलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकू नयेत. सर्व चाचण्या मेअखेर आटोपाव्यात, म्हणजे बियाणे कमी पडल्यास ते मिळविण्यास पाऊस येईपर्यंत अवधी राहतो. पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच करावी.