व्यसनत्यागातील उत्तरदायित्व

मराठीत व्यसन 'जडते', सवय 'लागते', दारू 'चढते' आणि जुगारात पैसा 'जातो'. या चारही ठिकाणी कर्ता कोण, हे साधकाने क्षणभर थांबून पाहावे. व्यसन कर्ता आहे, सवय कर्ता आहे, दारू आणि पैसाही कर्ते आहेत. ज्याच्या हातून हे घडले तो जीव मात्र 'मला' किंवा 'त्याला' होऊन वाक्याच्या कडेला उभा आहे. भाषेचा यात काही दोष नाही. परंतु या आडोशाला बसून मनुष्य आपल्या कर्माचा जाब चुकवू लागला, की सुटकेची वाट तेथेच बुजते.

उपदेश घेताना वासनिक मद्य, मांस, जुगार, चोरी आदी सात व्यसनांचा त्याग पत्करतो. हा त्याग एका दिवशी उच्चारला जातो आणि सवय मात्र दररोज, ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी दार ठोठावते. उच्चार आणि आचार यांमधले हे अंतर केवळ निश्चयाच्या बळावर कापले जात नाही. 'मी हे केले' असे स्वतः म्हणणे आणि ते कोणापुढे तरी म्हणणे, ही दोन पावले त्यासाठी लागतात.

लीळाचरित्रातील पूर्वचरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. भडोचच्या प्रधानाचे, विशाळदेवाचे पुत्र हरिपाळदेव या नावाने स्वामी वावरत असताना द्यूताची लीळा येते. खेळात हार होते, देणे अंगावर येते आणि ते फेडण्यासाठी पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागितले जातात. ती देत नाही. पुढे पित्याकडून देणे चुकते होते. पण उदासीनता उरतेच, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त होऊन घर सुटते. सोबतचा परिवार मागे राहतो आणि एकाकी वाट ऋद्धिपूरला, श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी येऊन पोहोचते.

परमेश्वर अवताराला द्यूताचे बंधन नाही. ती क्रीडा आहे, ही पंथाची धारणा सर्वश्रुत आहे. म्हणून या लीळेचा आधार घेऊन आपल्या जुगाराचे समर्थन करणे हा अपराधच ठरेल. जीवाने यातून घ्यावयाचे ते वेगळे आहे. कमळाइसेला कठोर म्हणणारे वाचक आढळतात. तथापि व्यसनी माणसाच्या घरात अलंकार काढून देणारा हात पुष्कळदा प्रेमाचा असतो आणि तोच हात व्यसनाचे आयुष्य वाढवतो. देणे पित्याने फेडले, तरी ते देणे कोणाचे होते हा प्रश्न फिटला नाही. त्याचे उत्तर धनाने नव्हे, घर सोडण्याने दिले गेले. दुसऱ्याने पैसा भरला म्हणजे आपली जबाबदारी भरली गेली असे मानणारा जीव पुढल्या डावाला मोकळा होतो. येथे तसे घडले नाही.

अवताराची गोष्ट निराळी, आपण पडलो संसारी जीव, अशी पळवाट कोणी काढील. त्याच्यासाठी याच वऱ्हाडातील, जवळच्या काळातील उदाहरण आहे. गाडगेबाबा पंथाचे अनुयायी नव्हते, पण या प्रश्नात त्यांची साक्ष मोलाची आहे. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि पोरके पोर आई सखुबाईसह मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. पुढे मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली. व्यसन आणि कर्ज या दोन्ही गोष्टी कुटुंबाचा घास कसा घेतात, हे या मुलाने घरातच पाहिले.

आता विचार असा की, या मुलाला दारूची सबब किती सहज मिळाली असती! बाप पीत होता, आप्तांत चाल होती, दुःखही होते. उलट, मुलीच्या बारशाला मद्य-मांसाचे जेवण देण्याची रूढी समोर आली तेव्हा त्यांनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. आप्तांचा रोष ओढवला. रूढी सर्वांची होती, पण पान वाढणारा हात आपला आहे, एवढे त्यांनी ओळखले. 1905 मध्ये घर सोडल्यावर पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधविला, धर्मशाळा उभी केली. त्यांच्या कीर्तनाची तऱ्हाही ध्यानी घ्यावी. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. दारू वाईट, कर्ज वाईट हे वक्त्याने सांगणे निराळे आणि पिणाऱ्याने चारचौघांत स्वतःच्या मुखाने म्हणणे निराळे. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे देहावसान झाले.

साता समुद्रापलीकडेही अनुभव असाच आला. अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी 1935 मध्ये मद्यपींनीच स्थापलेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी हीच आहे: आपल्या चुकांचे नेमके स्वरूप ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका मनुष्यापुढे कबूल करणे. यातील तिसरा साक्षीदार सर्वांत जड जातो. ईश्वरापुढे मनात बोलता येते, स्वतःपुढे शब्द मऊ करता येतात. समोर बसलेल्या माणसापुढे तसे चालत नाही.

शासनाचा निर्बंध उपयोगी आहे, पण त्याची पोच मर्यादित. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे; तरी वऱ्हाडात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याची पुडी कोणत्या खिशात आहे हे शोधावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये लागू झालेली दारूबंदी 2021 मध्ये उठली. दुकानाचे दार दुसरा कोणी लावू शकतो आणि दुसराच उघडूही शकतो.

पंथाच्या आचारात अनुताप आणि प्रायश्चित्त यांची योजना याच ठिकाणी कामास येते. 'मी पापी आहे' असे ढोबळ म्हणणे हा अनुताप नव्हे. त्यात दुःख असते, माहिती नसते. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जणांसोबत, इतके घडले, असे सांगितले तरच गुरूला त्यावर काही विहित करता येते. वैद्यापुढे 'बरे नाही' एवढेच म्हणणाऱ्या रोग्याला औषध कोणते द्यावे? मुक्ती परमेश्वराच्या कृपेने, हे खरे. पण कृपेला पात्र होण्याची योग्यता जीवानेच करावयाची असते. ते काम परमेश्वरावर ढकलणे हा भक्तीचा वेष घेतलेला आळस होय.

कापसाचा वेचा आणि मजुरी लिहून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला यासाठी निराळी विद्या शिकावी लागत नाही. त्याच वहीच्या शेवटी एक पान राखावे. प्रत्येक पुडीला एक रेघ, आणि रेघेपुढे कोठे व कोणासोबत, एवढेच. रात्री नामस्मरणापूर्वी रेघा मोजाव्यात आणि आठवड्यातून एकदा ते पान घरातील एका व्यक्तीला किंवा आपल्या गुरूंना दाखवावे. दाखविणाऱ्याने सबब सांगू नये, पाहणाऱ्याने शिवी देऊ नये. शिवी मिळाली की पुढच्या आठवड्यात रेघा कमी होत नाहीत, फक्त लिहिल्या जात नाहीत. दिवसाला बारा पुड्या खाणारा महिन्याभरात नवावर येईल आणि पोळ्याच्या दिवशी, जुनी मंडळी जमली म्हणजे, पुन्हा अकरावर जाईल. त्या दिवशी वही चुकवण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. अकरा रेघा त्याच रात्री ओढाव्यात.