टांकसाळीची खूण आणि ड्रायव्हरची स्वाक्षरी

कोलकात्याच्या दक्षिण भागात बेहाला नावाची जुनी वस्ती आहे. डायमंड हार्बर रस्त्याने तिकडे जाऊ लागले, म्हणजे वाटेत तारातला येथे भारत सरकारची टांकसाळ लागते. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांच्या हस्ते १९ मार्च १९५२ रोजी तिचे उद्घाटन झाले. नाण्यावरील सालाच्या खाली निरखून पाहिल्यास मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा किंवा नोएडाचा ठिपका आढळतो. कोलकात्याच्या नाण्यावर मात्र खूणच नसते, आणि तीच त्याची ओळख होय! अशा खुणेवरून नाणे कोठे पाडले हे कळते. ते आज बाजारात चालेल किंवा कसे, हा प्रश्न निराळा आहे. पंचवीस पैशांचे अस्सल नाणेदेखील ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले आहे.

संगणकात ड्रायव्हर बसविताना नेमका हाच भेद ध्यानी ठेवावा लागतो. यंत्राचा एखादा भाग आणि विंडोज ही कार्यप्रणाली ह्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. तो प्रणालीच्या गाभ्यात शिरून काम करीत असल्यामुळे त्याची चूक सर्व संगणकास भोवते. म्हणून २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टा आवृत्तीच्या ६४ बिटी रूपापासून गाभ्यातील ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी आवश्यक झाली. स्वाक्षरी करणारा प्रथम फाइलीतील मजकुरावरून गणिताने एक छोटा ठसा काढतो व तो आपल्या गुप्त किल्लीने मुद्रांकित करतो. ड्रायव्हरच्या संचातील सर्व फाइलींचे ठसे एका सूचीत नोंदविलेले असतात. पुष्कळ जण बसविण्याच्या सूचनांची साधी फाइल उघडून त्यात एखादी ओळ बदलतात आणि मग विंडोज संच का नाकारते, म्हणून बुचकळ्यात पडतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, हे त्याचे कारण.

पण संच जसाच्या तसा असूनही अडचण येते. शेजारशेजारच्या दोन संगणकांवर विंडोज १० ची एकच आवृत्ती आहे. एकावर ड्रायव्हर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. असे का व्हावे? २०१६ च्या १६०७ ह्या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी हवी, असा नियम झाला. मात्र जुन्या विंडोजवरून चढत आलेल्या संगणकांना, सिक्युअर बूट बंद असलेल्यांना, तसेच २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने स्वाक्षरी केलेल्या ड्रायव्हरना तेव्हा सूट देण्यात आली. पहिला संगणक जुना, दुसरा कोरा, फरक एवढाच. उलट, विंडोज ७ ला शा-२५६ ह्या नव्या पद्धतीच्या ड्रायव्हर-स्वाक्षऱ्या मार्च २०१५ च्या दुरुस्तीवाचून वाचताच येत नसत. तेथे स्वाक्षरी खरी असूनही वाचणारा निरक्षर ठरला!

ह्याहून बोधप्रद उदाहरण विनरिंग-झिरो ह्या ग्रंथालयाचे आहे. (आज्ञावलीकार तयार उपयोगी भागांच्या संग्रहाला ग्रंथालय म्हणतात, वाचनालयाशी त्याचा संबंध नाही.) पंखे व तापमान ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अनेक हौशी आज्ञावल्यांनी ते वर्षानुवर्षे सोबत दिले, कारण त्याचा ड्रायव्हर स्वाक्षरीसह तयार मिळे आणि स्वतःची स्वाक्षरी मिळविणे खर्चाचे व खटपटीचे होते. परंतु तो ड्रायव्हर यंत्राच्या स्मृतीचे दार कोणत्याही आज्ञावलीस उघडून देई. हा दोष २०२० मध्ये जाहीरपणे नोंदविला गेला व २०२५ मध्ये विंडोजचा संरक्षक त्यास अडवू लागला. स्वाक्षरी खोटी ठरली नव्हती. नाणे बाद झाले होते. हौशी लेखकांची त्यात पंचाईत झाली खरी, तरी निर्णय योग्यच होता.

तेव्हा अनेक संगणकांवर आज्ञावली बसविणाऱ्याने प्रथम स्वतःचा ड्रायव्हर खरोखर हवा काय, हे तपासावे. विंडोज ८ पासून पुष्कळ यूएसबी उपकरणे मायक्रोसॉफ्टच्याच विनयूएसबी ड्रायव्हरवर चालू शकतात; तेथे निराळ्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. तो हवाच असेल, तर चूक-क्रमांक पाहावा. ५७७ किंवा उपकरण-यादीतील ५२ हा अंक स्वाक्षरीकडे बोट दाखवितो. १९३ हा अंक बहुधा ३२ बिटी आज्ञावलीस ६४ बिटी ग्रंथालय जोडल्याचे सांगतो, आणि तेथे स्वाक्षरीशी झटापट करणे व्यर्थ होय. चाचणी कोऱ्या संगणकावर, सिक्युअर बूट चालू ठेवून घ्यावी. लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर सर्व काही नेहमीच चालते.

स्वाक्षरीची तपासणी सैल करून 'चाचणी अवस्थे'त संगणक चालविण्याचाही एक मार्ग आहे. तो आज्ञावलीकाराच्या मेजापुरता ठीक. शाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात 'टेस्ट मोड' ही अक्षरे दिसत असतील, तर कोणीतरी तो मार्ग तेथे वापरून तसाच सोडला आहे, असे समजावे व तो बंद करून घ्यावा.