खाडीत सोडलेला मैला जातो कुठे?

अंजनवेलच्या माझ्या दवाखान्यात मागे एका घरातले तिघे जण एकाच आठवड्यात आले. तिघांचेही डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही. कावीळ उघड दिसत होती. चौकशी केली तेव्हा घरातल्या बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, पाणी आमी उकळूनच पितो. महिन्यामागं कालवं तेवढी खाल्ली होती, जराशी वाफवून.’’ कालवे कुठली, असे विचारले. ती खाडीतलीच होती. ज्या जागेवरून काढली होती, तिथून जवळच रात्री संडासाच्या टाक्या उपसणारा टँकर रिकामा होतो, असेही त्यांच्याच तोंडून कळले.

कालवांमुळेच कावीळ झाली असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या कालवांची किंवा तिथल्या पाण्याची तपासणी झालेली नव्हती. वाचकहो, तपासणी नसली की कोणालाच काही खात्रीने सांगता येत नाही, हाच आजचा मुद्दा आहे.

‘एवढा मोठा दर्या, त्यात एका टँकरने काय होणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. संडासाच्या टाकीत तळाशी जो घट्ट गाळ साचतो, तो दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. त्यात कावीळ, विषमज्वर व हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. वाशिष्ठीच्या मुखाशी भरती-ओहोटी रोजची. ओहोटीला बाहेर गेलेले पाणी भरतीला पुन्हा आत येते, आणि जड गाळ तर तळाशीच बसतो. कालवे, तिसऱ्या, मुळे हे प्राणी पाणी गाळून त्यातले अन्न खातात. एक मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. पाण्यात विरळ असलेले जंतू त्याच्या पोटात असे गोळा होतात.

ही भीती पोकळ नाही. १९८८ साली चीनमधील शांघाय शहरात अर्धवट शिजवलेल्या दूषित शिंपल्या खाऊन सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली होती.

मोठ्या देशांनीही हीच चूक केली. लंडन शहराचा मैल्याचा गाळ १८८७ पासून जहाजांत भरून समुद्रात टाकला जाई. १९७४ साली ब्रिटनने कायदा केला व परवान्याशिवाय असे टाकण्यास मनाई केली. परवाना दिला की किती गाळ, कोठे टाकायचा हे ठरे. पुढे तळाचा चिखल काढून त्यातले धातू तपासत, त्यातले किडे मोजत. अखेर १९९८ च्या अखेरीस ही पद्धत पूर्ण बंद झाली. न्यूयॉर्कने आधी किनाऱ्यापासून १२ मैलांवर गाळ टाकला, मग १०६ मैलांवर. तिथे अडीच हजार मीटर खोल तळावरच्या प्राण्यांच्या शरीरातही त्याचे अंश सापडले. १९९२ साली तेही थांबले. दूर नेऊन टाकल्याने घाण नाहीशी होत नाही, एवढे यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने प्रक्रिया न केलेली घाण किनारपट्टीत सोडण्यास बंदी केली. २०१९ च्या नव्या अधिसूचनेतही ती कायम आहे. आंघोळीच्या व मासेमारीच्या समुद्राच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतील जंतू १०० पेक्षा जास्त नसावेत, असे प्रमाणही ठरलेले आहे. पण रात्रीच्या टँकरची नोंद कोण ठेवणार? ते काम आपल्यापासूनच सुरू व्हायला हवे.

म्हणून एवढे करा :

१) टाकी उपसून घेताना ‘मैला कुठे नेणार?’ हे विचारा. पैसे देण्यापूर्वी उत्तर घ्या.

२) ग्रामसभेत टँकरची नोंदवही ठेवण्याचा ठराव मांडा. तारीख, घर आणि रिकामा करण्याची जागा तीत लिहिली जावी.

३) खाडीत टँकर रिकामा होताना दिसल्यास तारीख-वेळ लिहून ग्रामपंचायतीकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. पाण्याचा नमुना तपासण्याची मागणी करा.

४) कालवे, शिंपल्या उकळत्या पाण्यात शिंपा उघडेपर्यंत व त्यानंतर आणखी पाच मिनिटे शिजवा. नुसती वाफ पुरत नाही. मात्र लक्षात ठेवा, उकळण्याने जंतू मरतात, गाळातले धातू जात नाहीत.

५) डोळे पिवळे दिसल्यास अंगारे-धुपारे व गावठी औषधांत दिवस घालवू नका. गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ते तिघेही महिना-दीड महिन्यात बरे झाले. बाई आता कालवे नीट उकळतात. पण टँकर कुठे रिकामा होतो, हे विचारण्याचे काम एकट्या त्यांचे नाही.