शिस्त आणि शाबासकी : माध्यमिक शाळेपुढील एक प्रश्न

प्रत्येक शाळेत वर्षाकाठी एकदा बक्षीस समारंभ होतो. व्यासपीठावर पाहुणे येतात, नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात. बहुधा तीच पाच-सात नावे पाचवीपासून दहावीपर्यंत ऐकू येतात. उरलेल्या मुलांची नावे शाळेत पुकारली जातात ती दोनच वेळी : हजेरी घेताना आणि चूक झाली म्हणजे. ज्या मुलाला आपले नाव केवळ दोषाच्या संदर्भातच ऐकावे लागते, त्याला शाळेविषयी आपुलकी कशी वाटावी? शिस्तीचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.

यावल तालुक्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. दक्षिणेस तापीकाठची केळीची समृद्ध शेती आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे, असे या तालुक्याचे दुहेरी रूप आहे. एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा, केळीच्या कापणीवर जाणाऱ्या मजुराची मुलगी आणि पावरा किंवा तडवी कुटुंबातून प्रथमच माध्यमिक शाळेत आलेले मूल शेजारी बसू शकते. कोणाच्या घरी लेवा बोली, कोणाच्या घरी पावरी. शाळेची प्रमाण मराठी काहींना परकी वाटते. अशा मुलाचे अडखळणे उद्धटपणा समजले गेले, अथवा उशिरा येण्यामागील पायपीट कोणी विचारलीच नाही, तर ते मूल हळूहळू शाळेपासून दुरावते. मुलगा मजुरीला लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

अमळनेरचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली तत्कालीन पूर्व खानदेशातील अमळनेरच्या हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले अंथरुणे तशीच टाकीत, कपडे अस्ताव्यस्त ठेवीत. साने यांनी दंड केला नाही. ते स्वतः खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत. शिक्षक आपली कामे करतो हे पाहून मुले ओशाळली आणि आपली कामे आपणच करू लागली. अपेक्षा शब्दांतून नव्हे, तर आचरणातून सांगितली गेली.

त्यांनी मुलांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक चालविले. मुलांसाठी रोज स्वहस्ते मजकूर लिहिणे हा त्या मुलांचा केवढा सन्मान होता! १९३० साली ते नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. परंतु ‘गुरुजी’ ही पदवी जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिली. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातीलच फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या यशासाठी ते झटले आणि ग्रामसफाईची कामेही त्यांनी केली. छात्रालयातील केरसुणी आणि फैजपूरची केरसुणी एकच होती.

कायदा काय सांगतो

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. छडीइतकेच जातीवरून, बोलीवरून किंवा गरिबीवरून टोमणा मारणेही गैर होय. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. म्हणून नववी-दहावीच्या वर्गात छडीची मुभा मिळते असा अर्थ कोणी काढू नये. आठवीत जे मुलाला अपायकारक होते, ते नववीत हितकारक होत नाही.

नियम थोडे, स्पष्ट आणि सर्वांचे

जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने शिक्षकांच्या मदतीने चार-पाच अपेक्षा ठरवाव्यात. ‘गोंधळ करू नये’ याऐवजी ‘दुसरा बोलत असता ऐकून घ्यावे’ असे त्यांचे स्वरूप असावे. वेळेवर येणे, येता न आल्यास निरोप देणे, कोणालाही चिडवण्याच्या नावाने हाक न मारणे, शाळेची वस्तू आपली मानणे, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. पालकसभेत त्या वाचून दाखवाव्यात आणि आवश्यक तेथे पालकांच्या बोलीतही समजावून द्याव्यात. हे नियम शिक्षकांनाही लागू असावेत. तासाला उशिरा येणाऱ्या शिक्षकाने वक्तशीरपणा शिकवू नये.

नियम मोडल्यास प्रथम एकांतात कारण विचारावे. नुकसान झाले असल्यास ते भरून काढण्याची संधी द्यावी : फाडलेले पुस्तक चिकटवावे, दुखावलेल्या सोबत्याची क्षमा मागावी. चारचौघांत केलेला अपमान चूक सुधारीत नाही. तो केवळ चूक लपवावयास शिकवितो.

शाबासकीची नोंदवही

गौरवासाठी खर्च लागत नाही. वर्गशिक्षकाने एक नोंदवही ठेवावी आणि दर आठवड्यास चार-पाच विद्यार्थ्यांविषयी एकेक नेमके वाक्य लिहावे. ‘हुशार आहे’ असे मोघम लिहू नये. ‘आजारी सोबत्याला आठवडाभराचा अभ्यास उतरवून दिला’, ‘गणितात तीनदा चुकूनही चौथ्यांदा प्रयत्न केला’ असे लिहावे. ते वाक्य परिपाठाच्या वेळी वाचावे आणि घरी कळवावे. सत्राअखेर वही चाळली असता ज्याचे नाव एकदाही आले नाही असे मूल आढळले, तर तो दोष मुलाचा नव्हे, पाहणाऱ्याचा समजावा.

शंभर टक्के उपस्थितीच्या बक्षिसाचाही फेरविचार व्हावा. हंगामात आईवडिलांबरोबर मजुरीला जावे लागलेले मूल पुन्हा वर्गात येऊन बसते, तेव्हा त्याचे परत येणे हीच कौतुकाची बाब होय.

पंचायत सदस्यांचे काम

पंचायत सदस्यांनी शाळेत केवळ झेंडावंदनाला जाऊ नये. वर्षातून दोनदा वर्गात बसावे, नोंदवही पाहावी आणि गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या घरी शिक्षकांसमवेत जावे. गावच्या सभेत गुणवंतांच्या सत्काराबरोबरच शाळा न सोडता टिकून राहिलेल्या मुलामुलींचाही सत्कार करावा.

शिस्त भीतीतून आली तर ती शिक्षक वर्गात असेपर्यंतच टिकते. आपल्याला येथे कोणी ओळखते, या जाणिवेतून आलेली शिस्त शाळा सुटल्यावरही मुलाच्या सोबत घरी जाते.