ध्रुवमत्स्यातील अंधुक नारिंगी तारा

लोखंडाच्या रंगावरून लोहार त्याच्या उष्णतेचा अंदाज घेतो. ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे तपमानही असेच त्यांच्या रंगावरून कळते. पिवळसर दिसणाऱ्या सूर्याचे तपमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. नारिंगी तारे त्याहून थंड असतात. मात्र थंड तारा लहानच असतो, असे नाही. सूर्यासारखे तारे उतारवयात फुगतात व थंडावतात. अशा ताऱ्यांना राक्षसी तारे म्हणतात.

ध्रुवमत्स्यात असा एक तारा आहे. त्याला २०१९ साली कोरियातील एका पर्वतावरून ‘बेकदू’ हे नाव देण्यात आले. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ११ पट, वस्तुमान दीडपट आणि तपमान सुमारे ४,६०० अंश आहे. तो सूर्याच्या ५० पटींहून अधिक प्रकाश देतो. तथापि त्याचे अंतर सुमारे ५३० प्रकाशवर्षे असल्याने तो केवळ ६.८ प्रतीचा दिसतो. नुसत्या डोळ्यांना साधारणतः सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात.

ओळख कशी पटवावी?

ध्रुवमत्स्यात ध्रुवाच्या विरुद्ध टोकाला कोचाब हा ठळक तारा आहे. तोही नारिंगी राक्षसी तारा असून सुमारे १३० प्रकाशवर्षे दूर आहे. बेकदू कोचाबपासून एका अंशाहूनही कमी अंतरावर दिसतो. जूनमध्ये रात्री ९ च्या सुमारास आकाश निरभ्र असल्यास उत्तरेस ध्रुवाच्या वरच्या बाजूस कोचाब शोधावा व तेथे दुर्बीण रोखावी.

वाचलेला ग्रह

२०१५ साली कोरियन शास्त्रज्ञांना या ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा ठरावीक काळाने मागेपुढे सरकताना आढळल्या. त्यावरून ९३ दिवसांत प्रदक्षिणा करणाऱ्या, गुरूहून अधिक वस्तुमानाच्या ग्रहाचा निष्कर्ष निघाला. या ग्रहाला ‘हाल्ला’ म्हणतात. पृथ्वी व सूर्य यांच्यातील अंतराच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर तो फिरतो.

पुढे ‘टेस’ या अवकाश दुर्बिणीने ताऱ्याच्या तेजातील सूक्ष्म स्पंदने टिपली. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या अंतरंगाचा वेध घ्यावा, तसा या स्पंदनांवरून ताऱ्याच्या गाभ्याचा वेध घेतला गेला. गाभ्यात हेलियम जळत असल्याचे २०२३ साली जाहीर झाले. हेलियम पेटण्यापूर्वी असा तारा अतिशय फुगतो. गणितानुसार बेकदूचा पृष्ठभाग पृथ्वी-सूर्य अंतराच्या सात-दशांशापर्यंत पोहोचावयास हवा होता. तसे असते तर हा ग्रह केव्हाच गिळला गेला असता.

याची दोन स्पष्टीकरणे सुचविली गेली. पूर्वी येथे दोन तारे असावेत व ते एकमेकांत विलीन झाल्यामुळे तारा पूर्णपणे फुगलाच नसावा. किंवा त्या विलीनीकरणातून उडालेल्या द्रव्यापासून हा ग्रह नंतर घडला असावा. ताऱ्यातील लिथियमचे असामान्य प्रमाणही अशा घटनेकडे बोट दाखविते.

सूर्याचे काय?

सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल आणि तोही राक्षसी तारा होईल. बुध व शुक्र त्यात गडप होतील, असा अंदाज आहे. पृथ्वीच्या भवितव्याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. हाल्ला वाचला म्हणून पृथ्वीही वाचेल, असे मात्र मानता येत नाही. सूर्य एकटा आहे. ज्यात विलीन होऊन फुगणे टळावे, असा जोडीदार तारा त्याला नाही.