सांध्याची परीक्षा

डिचोली म्हटले की पितळी समयांची आठवण होते. पितळ वितळवून साच्यात ओतण्याची विद्या तेथील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. आमचे घरही डिचोलीचेच. मात्र आमच्या घरच्या कारखान्यात पितळाऐवजी लोखंड येते. पूर्वी खाणींवरील ट्रकांची दुरुस्ती हे आमचे मुख्य काम होते. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी 2012 साली व पुन्हा 2018 साली बंद पडल्या, तेव्हापासून फाटके, खिडक्यांच्या जाळ्या व छपरांचे सांगाडे यांवरच आमचे घर चालते. सुटीच्या दिवशी आम्ही भावंडे तेथे मोजमापाला व साफसफाईला हातभार लावतो. त्या ओघात जे शिकलो, ते येथे थोडक्यात मांडतो.

धातूचे तुकडे जोडण्याच्या रीती अनेक आहेत. भांड्याला डाख देताना केवळ डाखाचा धातू वितळतो, भांडे वितळत नाही. वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळतात आणि थिजून एकजीव होतात. म्हणून त्यास वितळजोडकाम म्हणतात. पितळ सुमारे 900 अंश सेल्सिअसला वितळते, तर साध्या पोलादाला 1,500 अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती विजेच्या प्रखर ज्योतीतून मिळते. वेल्डिंगचे यंत्र विजेचा दाब उतरवते व प्रवाह वाढवते, 3.15 मिलिमीटर जाडीच्या रॉडला साधारण 100 अँपिअर प्रवाह लागतो. रॉडवरील लेप जळून जो वायू निघतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. लेपाचे उरलेले कीट सांध्यावर कवचासारखे बसते.

परंतु खरे काम ज्योत पेटण्यापूर्वीच सुरू होते. गंज, तेल व रंग घासून कडा लख्ख कराव्या लागतात. चौकट गुण्यात आहे की नाही, हे कर्ण मोजून ठरवतात : चार फूट उंच व तीन फूट रुंद चौकटीचे दोन्ही कर्ण पाच फूटच भरले पाहिजेत. वर्गात शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त येथे रोज उपयोगी पडतो. सांधा थंड होताना आकसतो व चौकटीला ओढतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना टाके मारून मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने जोडतात.

रॉड मात्र वडीलमंडळीच हाती धरतात. उघड्या डोळ्यांनी ती ज्योत पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना होते. काळ्या काचेचा मुखवटा त्यासाठीच असतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाईप तसाच जोडल्यास निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. म्हणून जोडायच्या जागेचा मुलामा आधी घासून काढतात आणि काम मोकळ्या हवेत करतात.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे, समुद्रापासून जवळच, आमच्या कारखान्याने एक फाटक बसवले. दिसायला ते देखणे होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बिजागरीचा सांधा तुटून ते कोसळले. त्या क्षणी जवळ कोणी नव्हते, हे भाग्यच. तुटलेला भाग पाहताच बाबांना कारण कळले. पहिल्या थराचे कीट न झाडताच घाईने दुसरा थर चढवला होता. आतील जोड अपुरा राहिला. वरून ग्राइंडरने गुळगुळीत केल्यामुळे तो कोणास दिसला नाही. खाऱ्या वाऱ्याने व पावसाच्या पाण्याने मात्र तो शोधून काढला. बाबांनी नवे फाटक विनामूल्य करून दिले आणि तो तुटका तुकडा कारखान्याच्या दारावर टांगून ठेवला. तो आजही तेथेच आहे.

विद्यार्थीमित्रहो, गिऱ्हाईक सांध्याची वरची बाजू पाहते. आतली बाजू केवळ करणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच कीट झाडण्याचा लहानसा हातोडा आमच्या कारखान्यात यंत्राइतकाच मोलाचा मानला जातो. परीक्षक उशिरा येतो, पण येतोच. आमच्याकडे तो दरवर्षी जूनमध्ये येतो.