मुलांच्या क्रीडांगणाची निगा

सुरतेतील लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथील दाट वस्तीत मुलांना रस्त्याखेरीज दुसरे अंगण क्वचितच लाभते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यान्वये योजनाक्षेत्रातील पाच टक्क्यांपर्यंत जमीन उद्याने व क्रीडांगणे यांसाठी राखता येते. परंतु जागा राखली म्हणजे निम्मेच काम झाले. झोपाळ्याखालची वाळू मुलांच्या पायांनी उडून जाते, कठीण जमीन उघडी पडते आणि पडणाऱ्या मुलाचे डोके तिच्यावरच आपटते. सबब वाळू वेळोवेळी भरावी, साखळीच्या झिजलेल्या कड्या बदलाव्यात. रंगरंगोटी मागाहून केली तरी चालेल. तापीला २००६ साली आला तसा पूर ओसरल्यावर गाळमिश्रित वाळू घट्ट बसते. ती काढून नवी टाकावी.